दुखापत मज्जारज्जूची, कसोटी मनाची

इमारतीच्या परांचीवरून तोल जातो, पावसाळी रात्री मोटारसायकल घसरते, नारळाच्या झाडावर चढलेल्या माणसाचा हात सुटतो, विहिरीत सूर मारताना पाण्याचा अंदाज चुकतो. मज्जारज्जूच्या दुखापतीची कारणे अशी रोजच्या व्यवहारातलीच असतात. काल रात्रीपर्यंत घरातील कर्ता असलेला माणूस दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात असतो आणि चादरीखालील पाय आपलेच आहेत, हे त्याला केवळ डोळ्यांनी पाहून मानावे लागते. नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, 'पुन्हा चालता कधी येईल?' प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु सारे घर त्या एकाच प्रश्नाभोवती फिरू लागले, की तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न मागे पडतो. या माणसाच्या मनाचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात आज दीड कोटीहून अधिक माणसे मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. त्यांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या किमान दुप्पट असते आणि विशीतील तरुणांना हा धोका विशेष असतो. म्हणजे शिक्षण, नोकरी, विवाह, मुलेबाळे या साऱ्यांची मांडणी ज्या वयात होते, नेमक्या त्याच वयात हा आघात होतो. त्यानंतरचे आयुष्य काही महिन्यांचे नसते, तर अनेक दशकांचे असते. ही दशके कशी जातील हे ठरविण्यात शरीराइतकाच मनाचाही वाटा असतो, आणि मनाविषयी आपल्या समाजात रुजलेल्या कित्येक समजुती तपासून पाहिल्यास चुकीच्या ठरतात.

इजा नेमकी कशाला होते?

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून पाठीच्या कण्याच्या पोकळीतून खाली येणारा चेतातंतूंचा जाड दोर. प्रौढ व्यक्तीत त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर असते आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो. त्यातून चेतांच्या ३१ जोड्या शरीरभर जातात. इजा मानेच्या भागात झाली तर हात आणि पाय दोन्ही बाधित होतात. ती छातीच्या वा कमरेच्या पातळीवर झाली तर हात वाचतात, पण पायांतील बळ आणि संवेदना जातात. इजा पूर्ण आहे की अपूर्ण, यावरही बरेच काही अवलंबून असते.

तथापि बाहेरच्या माणसाला जे दिसते, ती फक्त व्हीलचेअर. मूत्राशय व आतड्यांवरील ताबा, लैंगिक क्षमता, रक्तदाबाचे आणि शरीराच्या तापमानाचे नियमन, हेही याच दोरातून चालते. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा ६८१ व्यक्तींना, कोणती क्षमता परत मिळाली तर तुमचे आयुष्य सर्वाधिक सुधारेल, असे विचारण्यात आले होते. हातही बाधित झालेल्यांनी हातांच्या हालचालीला पहिली पसंती दिली. केवळ पाय बाधित असलेल्यांच्या यादीत लैंगिक क्षमता सर्वांत वर होती. चालणे दोन्ही गटांत पहिल्या क्रमांकावर नव्हते. नातेवाईक ज्या प्रश्नाची चिंता वाहत असतात, तोच रुग्णाच्या मनातील सर्वांत मोठा प्रश्न असेल असे नाही. लघवीची पिशवी चारचौघांत गळेल का, बायकोला आपला भार होईल का, आपल्याला मूल होईल का, हे प्रश्न तो कोणाजवळ बोलतच नाही. विचारण्याची जबाबदारी म्हणूनच उपचार करणाऱ्यांवर येते.

जगण्यापासून आयुष्यापर्यंत

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन वैद्यकीय लेखात मान मोडून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाचे वर्णन आहे आणि हा रोग उपचार करण्याजोगा नाही असा निर्वाळाही आहे. हा निर्वाळा विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ तसाच टिकला. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्यास गोळी लागलेले बहुसंख्य सैनिक शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांमुळे दगावले. ज्याचे मरण ठरलेलेच आहे, त्याच्या मनाचा विचार कोण करणार?

हे चित्र पालटले ते इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल या गावी. नाझी राजवटीतून निसटून आलेले ज्यू चेताविकारतज्ज्ञ लुडविग गुटमन यांच्याकडे फेब्रुवारी १९४४ मध्ये तेथील नव्या केंद्राची सूत्रे आली. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळविणे, मूत्रमार्गाची काटेकोर निगा राखणे, या साध्या शिस्तीने त्यांनी मृत्यूचे प्रमाण खाली आणले. त्यापुढे जाऊन त्यांनी रुग्णांना सकाळी अंथरुणातून बाहेर काढले, कार्यशाळेत कामाला लावले आणि मैदानावर नेले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिम्पिकचे मूळ तेथे आहे. गुटमन यांना खेळातून पदके नको होती. आपण अजून उपयोगी आहोत, ही भावना रुग्णात जागविणे हा उपचाराचाच भाग आहे, असे त्यांचे मत होते.

'खचणारच' ही समजूत

अशा आघातानंतर माणूस खचणारच, किंबहुना खचला नाही तर त्याला वस्तुस्थिती कळलेलीच नाही, असे मानण्याची प्रथा दीर्घकाळ होती. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मृत्युपंथाला लागलेल्या रुग्णांविषयी मांडलेल्या पाच अवस्था, म्हणजे नकार, संताप, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार, या मज्जारज्जूच्या रुग्णांनाही जशाच्या तशा लावल्या गेल्या. हसत असलेला रुग्ण 'नकारात' आहे असे ठरे आणि त्याने आधी रडावे अशी अपेक्षा बाळगली जाई.

कॅमिल वॉर्टमन आणि रोक्सेन सिल्व्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये या समजुतींची झाडाझडती घेतली. दुःखाच्या ठरावीक पायऱ्या सर्वांना चढाव्या लागतात, याला पुरावा नाही असे त्यांनी दाखवून दिले. पुढे २०१२ मध्ये जॉर्ज बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी मज्जारज्जूच्या २३३ रुग्णांचा दोन वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यांत सर्वाधिक आढळलेला प्रकार होता तो मन बऱ्यापैकी स्थिर राहिलेल्यांचा. काही जण सुरुवातीला खचून नंतर सावरले, काहींना त्रास उशिरा सुरू झाला आणि काही जण दीर्घकाळ नैराश्यात राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ मधील अहवालानुसार सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांमध्ये उपचाराची गरज भासावी इतक्या नैराश्याची लक्षणे दिसतात. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. तो सर्वसामान्य लोकांतील प्रमाणापेक्षा बराच मोठा आहे, म्हणून दुर्लक्ष परवडणारे नाही. पण दहापैकी सात-आठ जण या अवस्थेत नसतात, हेही तोच आकडा सांगतो. म्हणूनच 'असे झाल्यावर कोणाचेही मन खचेलच' असे म्हणून नैराश्याकडे काणाडोळा करणे चूक आहे. नैराश्य हा दुखापतीचा अटळ भाग नाही. तो स्वतंत्र आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

बाहेरच्यांचा अंदाज का चुकतो?

मानसशास्त्रातील एक जुना अभ्यास याबाबतीत वारंवार सांगितला जातो. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी जिंकलेले २२ जण, अपघातात लुळेपणा आलेले २९ जण आणि सर्वसामान्य २२ जण यांना त्यांच्या सुखाविषयी विचारले. 'काही काळाने लॉटरीवाला आणि अपंग सारखेच सुखी होतात', असा त्याचा सारांश आजही भाषणांतून ऐकू येतो. मूळ निष्कर्ष मात्र तसा नाही. शून्य ते पाच या मापावर लॉटरी विजेत्यांची सरासरी ४.००, सर्वसामान्यांची ३.८२ आणि अपघातग्रस्तांची २.९६ होती. अपघातग्रस्त इतरांहून कमी सुखी होते, हे उघड आहे. पण लोक कल्पना करतात तितके ते दुःखीही नव्हते. त्यांची सरासरी मापाच्या मध्यबिंदूच्या वरच होती.

कल्पना आणि वास्तव यांतील हे अंतर डॉक्टरांमध्येही असते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तातडीची वैद्यकीय सेवा देणाऱ्यांना विचारण्यात आले, की तुम्हाला अशी गंभीर इजा झाली तर जिवंत राहिल्याचा आनंद वाटेल का? अवघ्या १८ टक्क्यांनी होकार दिला. ज्यांना खरोखर अशी इजा झालेली होती, त्यांच्यात हे प्रमाण ९२ टक्के होते. हा फरक केवळ आकड्यांचा नाही. ज्याच्या हाती पहिले उपचार आहेत, त्याला मनातून 'यापेक्षा गेला असता तर बरे' असे वाटत असेल, तर ते त्याच्या बोलण्यात, रुग्णाकडे पाहण्यात आणि निर्णयांत उतरू शकते. भेटीस येणाऱ्या नातलगांचे उसासेही तेच सांगत असतात, आणि रुग्णाला ते ऐकू येत असतात.

अंदाज चुकतो याचे एक कारण असे, की आपण अपघाताच्या पहिल्या दिवसाची कल्पना करतो, पाचव्या वर्षाच्या सामान्य मंगळवारची करीत नाही. त्या मंगळवारी चहा असतो, क्रिकेटचा सामना असतो, मुलाची परीक्षा असते, कार्यालयातील कटकट असते. व्हीलचेअर असतेच, पण सबंध दिवस तिनेच भरलेला नसतो.

'माझ्याच वाट्याला का?'

हा प्रश्न बहुतेकांना पडतो. १९७७ मध्ये रॉनी बुलमन आणि कॅमिल वॉर्टमन यांनी २९ अपघातग्रस्तांना याविषयी बोलते केले होते. या प्रश्नाचे उत्तर कोणी देवाच्या इच्छेत शोधले, कोणी नशिबात, कोणी स्वतःच्या कृतीत. जे दुसऱ्या कोणाला दोष देत होते आणि अपघात टाळता आला असता असे मानत होते, त्यांना परिस्थितीशी जुळवून घेणे अधिक जड गेले. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही. रुग्णाने स्वतःला दोषी मानावे, असाही त्याचा अर्थ नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला 'पूर्वसंचित' हे उत्तर तयार असते. रुग्णाने स्वतः त्यात आधार शोधला, तर तो हिरावून घेण्याचे कारण नाही. मात्र शेजाऱ्याने येऊन 'मागल्या जन्मीचे भोग' असे ऐकविणे हा आधार नसून आरोप असतो. शब्द तेच असले, तरी ते कोण कोणाला सांगतो यावर त्यांचा अर्थ बदलतो.

सामना करण्याचे शास्त्र

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताण आणि सामना यांविषयी मांडलेली कल्पना या क्षेत्रात अतिशय उपयोगी ठरली. संकट जेवढे मोठे तेवढा ताण मोठा, इतके हे गणित सरळ नाही. संकटाचा आपण काय अर्थ लावतो आणि त्याला तोंड देण्यास आपल्याजवळ काय आहे असे आपल्याला वाटते, यावर ताण ठरतो. या विचारावर आधारलेले प्रशिक्षण पॉल केनेडी आणि सहकाऱ्यांनी स्टोक मँडेव्हिलमध्ये रुग्णांच्या छोट्या गटांना दिले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे नैराश्य आणि चिंता दोन्ही कमी झाल्या.

या प्रशिक्षणाचे सूत्र समजण्यास सोपे आहे. समोरचा प्रश्न आपल्या हातातील आहे की हाताबाहेरचा, हे आधी ओळखायचे. हातातील प्रश्नांचे लहान तुकडे करून एकेक सोडवायचा. हाताबाहेरच्या गोष्टींपुढे डोके आपटण्याऐवजी त्यांच्यामुळे मनात उठणारा कल्लोळ शमविण्याचे मार्ग शिकायचे. तुटलेले चेतातंतू जोडणे रुग्णाच्या हातात नाही. परंतु ठरावीक वेळी स्वच्छ पद्धतीने कॅथेटर वापरणे, बसल्या जागी दर पंधरा ते तीस मिनिटांनी शरीराचा भार हलवून शय्याव्रण टाळणे, पलंगावरून खुर्चीवर सरकणे, या गोष्टी शिकता येतात. वरवर शारीरिक वाटणाऱ्या या कौशल्यांचा मनावर मोठा परिणाम होतो. जो माणूस आपली लघवी स्वतः सांभाळू शकतो, तो लग्नसमारंभाला जायला तयार होतो. तेथे चार माणसे भेटतात आणि त्या भेटीगाठींनी जे साधते, ते नुसत्या उपदेशाने साधत नाही.

याच्या उलट, काही मार्ग तात्पुरते सोपे पण पुढे घातक ठरतात. दारू, दिवसभर पडून राहणे, कोणालाही न भेटणे, 'मी उद्या चालणारच आहे, मग व्हीलचेअर शिकू कशाला' असा हट्ट, हे त्यांतील नेहमी आढळणारे. आशा आणि नकार यांतील फरक येथे ध्यानी घ्यावा. उद्याच्या सुधारणेची आशा बाळगून आजची कौशल्ये शिकणारा माणूस सावरतो. चालणे परत येईपर्यंत आयुष्य थांबवून ठेवणारा मात्र अडकतो.

या आशेचा बाजारही मांडला जातो. मज्जारज्जूच्या इजेवर मूलपेशींचा उपचार आजही संशोधनाच्या टप्प्यावर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्तासंबंधीचे काही विकार वगळता मूलपेशींचा नित्य उपचार म्हणून वापर मान्य केलेला नाही. तरीही जमीन विकून असे उपचार घेणारी कुटुंबे आहेत. पैसा जातो आणि उपचार फसला, की मन दुसऱ्यांदा मोडते.

मदत केव्हा घ्यावी?

अपघातानंतर काही आठवडे रडू येणे, संताप येणे, झोप उडणे हे स्वाभाविक आहे. नैराश्याचा आजार ओळखणे या रुग्णांत थोडे अवघड असते. झोप, भूक आणि थकवा यांच्या तक्रारी दुखापतीमुळे, वेदनांमुळे वा औषधांमुळेही होतात. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस न वाटणे, आपण निरुपयोगी व ओझे आहोत ही भावना, भविष्याबद्दल पूर्ण निराशा, व्यायाम आणि औषधे टाळू लागणे, या लक्षणांकडे विशेष लक्ष द्यावे. अपघातात डोक्यालाही मार लागलेला असल्यास चिडचिड आणि विस्मरण यांचे कारण मेंदूच्या इजेत असू शकते, तेही तपासून घ्यावे. दीर्घकाळच्या वेदनांवर उपचार केल्याशिवाय मन सावरत नाही, हाही अनुभव आहे.

आत्महत्येचा धोका या रुग्णांत, विशेषतः पहिल्या काही वर्षांत, सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो. जगण्यात अर्थ नाही असे रुग्ण बोलून दाखवू लागला, तर 'असे बोलू नये' म्हणून विषय बदलू नये. शांतपणे विचारावे, ऐकून घ्यावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. असे विचारल्याने तो विचार बळावतो, ही भीती निराधार आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे.

घर आणि घराबाहेर

आपल्याकडे पुनर्वसनाचा भार बहुतांशी घरावर, आणि घरात तो आईवर किंवा पत्नीवर पडतो. प्रेमापोटी रुग्णाला काहीच करू न देणे ही या घरांतील सर्वांत मोठी चूक असते. त्याने स्वतः शर्ट घालायला वीस मिनिटे लागत असतील, तर ती लागू द्यावीत. घरातील पैशांचे, मुलांच्या शाळेचे निर्णय त्याच्या खोलीबाहेर कुजबुजत घेऊ नयेत. काळजी घेणाऱ्या व्यक्तीचीही झोप, विश्रांती आणि मोकळे होण्याची जागा जपली पाहिजे. ती कोसळली, तर दोघेही कोसळतात.

सर्वांत परिणामकारक आधार अनेकदा त्याच वाटेने गेलेल्या माणसाचा असतो. महाराष्ट्रात अशी परंपरा आहे. पुण्यात खडकी येथे १९७४ पासून जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून केंद्र शासनाची पुनर्वसन संस्था कार्यरत आहे. व्हीलचेअरवरून काम करणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. १९९५ मधील पॅराग्लायडिंगच्या अपघातानंतर डॉ. केतना मेहता यांनी २००१ मध्ये मुंबईत 'नीना फाउंडेशन' सुरू केले, ते याच रुग्णांसाठी. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या स्पर्धेत पन्नास मीटर जलतरणात त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले.

ही उदाहरणे बळ देतात. पण प्रत्येकाने पेटकर व्हावे ही अपेक्षा नवे ओझे ठरते. एखाद्याने घराजवळ झेरॉक्सचे दुकान चालविले, मुलांचा अभ्यास घेतला, संध्याकाळी कट्ट्यावर मित्रांत बसला, तर तेही पूर्ण पुनर्वसन आहे.

त्यासाठी मात्र त्याला कट्ट्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. उद्वाहन नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या माणसाच्या खिन्नतेवर केवळ गोळ्या पुरेशा पडत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सार्वजनिक जागा सुगम करण्याची जबाबदारी घातली आहे. शासकीय सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास कामावरून काढता येत नाही, आधीचे काम जमत नसल्यास त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते, अशी तरतूदही त्यात आहे. ती अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते. पहिल्या महिन्यातच ती कळली, तर घराची निम्मी धास्ती कमी होईल.

आपल्यापैकी बहुतेक जण डॉक्टर वा समुपदेशक नाहीत. पण सोसायटीच्या वार्षिक सभेत प्रवेशद्वारापाशी उतार बांधण्याचा ठराव मांडणे, अपघातानंतर सहा महिन्यांनी, म्हणजे इतरांच्या भेटी थांबल्यावर, मित्राकडे जाणे, 'पाय कसे आहेत' याऐवजी 'सध्या काय चालले आहे' असे विचारणे, हे आपल्या हातातील आहे. सावरण्याचे काम रुग्णाचे मन करीत असते. त्या मनाला बाहेर पडायला वाट असावी, एवढे आपण पाहू शकतो.